निळा कागद आणि हिरवे वाढे

मित्रांनो, मी एक जुनी मोटरसायकल आहे. माझ्या सीटखाली कागदपत्रं ठेवायला लहानशी जागा आहे. तिथं एक पत्र दोन पावसाळे पडून होतं. माळेगावहून ते अप्पांना आलं होतं आणि अप्पांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. त्या पत्राविषयी सांगायचं तर मला माझी सगळी हकीकतच सांगावी लागेल. ती नीट सांगता येईल की नाही, याची मला शंका आहे. मला आवाज करायची सवय आहे, बोलायची नाही.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला, पण माझं खरं आयुष्य बारामतीच्या एका दुकानात सुरू झालं. संघपाल नावाचा तरुण तिथं आला. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत त्याला नुकतीच नोकरी लागली होती. त्याने माझ्या टाकीवरून हात फिरवला आणि मला लोणी भापकरला घरी नेलं. त्याच्या बायकोने, करुणाने, माझ्या चाकांवर पाणी घातलं. त्यांची मुलगी पायल तेव्हा रांगत होती.

संघपालचे वडील म्हणजे अप्पा. ते बारामतीच्या एका शाळेत ग्रंथपाल होते. रोज सकाळी ते माझ्यावर मागे बसत. मांडीवर पुस्तकांची पिशवी असे. माणूस इतका बुजरा, की पोराच्या खांद्यावर हात ठेवायलाही संकोचायचा. मागचं लोखंडी कॅरिअर घट्ट धरून बसायचा. संघपाल म्हणायचा, "अप्पा, खड्डा आला की कॅरिअर न्हाय, मला धरा." अप्पा गालात हसत आणि कॅरिअरच धरत.

मित्रांनो, ती वर्षं फार चांगली होती. संघपालची किक मला पायाच्या वजनावरून कळायची. दर रविवारी तो मला पुसायचा. पायल शाळेत जायला लागली तेव्हा ती पुढे टाकीवर बसायची आणि हॉर्न तिच्या ताब्यात असायचा. गावातले लोक म्हणत, "गाडी ठेवावी तर संघपालनं." हे ऐकून मला अभिमान वाटायचा.

दरवर्षी चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक निघायची. त्यात पुढे चालायचा मान मला असे. पायल नववीत होती त्या वर्षी अप्पांनी हौसेने निळा पारदर्शक कागद आणला. करुणाने कणकेची खळ शिजवून दिली. अप्पांनी स्वतःच्या हाताने तो कागद माझ्या दिव्याच्या काचेवर बेताने चिकटवला, एकही सुरकुती पडू दिली नाही. मिरवणुकीत माझा उजेड रस्त्यावर निळा पडला आणि अप्पा सगळ्यांच्या मागे उभे राहून तो बघत होते. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संघपाल म्हणाला, "अप्पा, हिचा निळा चष्मा काढतो आता."

"राहू दे की दोन दिस," अप्पा म्हणाले. "छान दिसतंय."

संघपालने वडिलांकडे बघितलं आणि कागद तसाच ठेवला.

त्याच संध्याकाळी करुणाच्या माहेरी लाडवांचा डबा द्यायला तो माळेगावकडे निघाला. उसाचा हंगाम तेव्हा संपत आला होता. हंगामातली शेवटची खेप आमच्याकडे नवरीसारखी सजवून नेतात. माळेगावच्या मानसिंग नावाच्या शेतकऱ्यानेही आपली ट्रॉली गुलाल उधळून, झेंडूच्या माळा लावून सजवली होती. उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पात्यांना वाढे म्हणतात. त्या वाढ्यांच्या जुड्या त्याने ट्रॉलीच्या मागे ओळीने बांधल्या होत्या. त्यांच्याखाली उजेड पडला की चमकणाऱ्या लाल पट्ट्या पार झाकून गेल्या. वाटेत ट्रॉली पंक्चर झाली. ती अर्धी रस्त्यावरच राहिली आणि मानसिंग जॅक आणायला गेला.

माझा दिवा लागलेला होता. पण निळ्या कागदातून त्याचा उजेड पातळ होऊन पडत होता. समोर हिरवं काहीतरी दिसलं, रस्त्याकडेची झाडी असावी तसं. संघपालने ब्रेक दाबला, पण तोवर फार जवळ आलो होतो. मित्रांनो, त्यापुढचं मी सांगत नाही. संघपाल परत आला नाही, एवढंच.

मी कितीतरी दिवस पोलीस ठाण्याच्या मागे मोडक्या गाड्यांत पडून होते. माझ्या सीटवर वेल चढला. पुढे एका टेम्पोतून मला घरी आणून गोठ्याच्या छपरात उभं केलं. संध्याकाळी रस्त्याने दुसऱ्या गाडीचा आवाज आला की मला वाटायचं, संघपाल आला. अप्पाही तेव्हाच अंगणात येत. आवाज पुढे निघून गेला की ते आत जात.

करुणाने भरपाईसाठी बारामतीच्या कोर्टात दावा लावला. संजीवनीताई तिच्या वकील होत्या. ट्रॉलीच्या विमा कंपनीचा वकील म्हणत होता की सगळी चूक मोटरसायकलवाल्याचीच. त्याने मानसिंगला गप्प राहायला सांगितलेलं होतं. पण साक्षीच्या दिवशी तो उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, वाढं मीच बांधलं. लाल पट्ट्या झाकल्या हुत्या. मला ध्यानातच आलं न्हाय."

त्यानंतर आठवड्याने त्याचं पत्र आलं. अप्पांनी ते माझ्याजवळ उलट्या बादलीवर बसून हळू आवाजात वाचलं, म्हणून मला ते पाठ आहे. 'अप्पा, फोन लावला तर तुम्ही उचलणार नाही, म्हणून लिहितो. तुमचा पोरगा माझ्या ट्रॉलीनं गेला. त्या दिवसापासून मी ट्रॉली सजवली नाही. तुम्ही मला दोन ओळी लिहा. शिवी लिहिली तरी चालंल, पण लिहा.'

अप्पांनी कागद घेतला, 'मानसिंगराव' एवढं लिहिलं आणि फाडला. पुन्हा घेतला, पुन्हा फाडला. शेवटी त्यांनी ते पत्र माझ्या सीटखाली सरकवलं.

मग निकाल लागला. कोर्टाने दोघांचीही चूक धरली. ट्रॉलीवाल्याची जास्त, कारण मागच्या पट्ट्या झाकून ती रस्त्यात उभी होती. संघपालची कमी, कारण त्याच्या दिव्यावर कागद होता. जेवढा त्याचा वाटा, तेवढी भरपाई कमी झाली. राहिलेल्या पैशांत पायलचं नर्सिंगचं शिक्षण होणार होतं.

संजीवनीताई घरी आल्या आणि छपरातच खुर्ची टाकून बसल्या. अप्पा म्हणाले, "ताई, मला हायकोर्टात जायचंय. माझ्या पोराची चूक नव्हती. तेवढं कागदावर पायजे."

"जाता येईल, अप्पा. पण मग विमा कंपनीही जाईल. पैसे किती वर्षं अडकतील सांगता यायचं नाही."

"मग पायलनं घरी बसायचं व्हय?" करुणा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "अप्पा, काचंवर कागद हुता ना?"

"हुता. पण त्यानं लावला नव्हता."

"मला ठावं हाय कुणी लावला ते."

अप्पांनी मान खाली घातली. "तो काढत हुता, करुणा. मीच म्हणलं, राहू दे."

करुणाने माझ्या फुटलेल्या दिव्याकडे बघितलं. काचेच्या एका तुकड्याला निळं अजून चिकटलेलं होतं. "खळ कुणी शिजवली, अप्पा? मीच ना? चांगली घट्ट शिजवली, म्हणून तर अजून निघंना. मग माझा वाटा किती धरायचा, ते बी इचारा हायकोर्टाला."

अप्पांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "ताई, अपील नको."

पुढच्या आठवड्यात पायलने म्हस्कू मिस्त्रीला बोलावलं. त्याने माझं इंजिन उघडलं, तेल बदललं, नवा दिवा बसवला. "पायल, आता काचंला काय लावशील?" त्याने विचारलं. "फडकं," ती म्हणाली, "ते बी पुसायला." म्हस्कू हसला. पहिल्या किकला मी नुसती खोकले. तिसरीला चालू झाले. पायलचा पाय हलका आहे. तो संघपालचा नाही, हे मला लगेच कळलं. आणि तरीही मी चालू झाले.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल, ट्रॉली असेल, तर तिला हौसेने खुशाल सजवा. आम्हालाही नटायला आवडतं. पण नटवताना आमचे डोळे झाकू नका आणि झाकलेच, तर बाहेर काढण्याआधी आम्हाला पुसा. हे काम उद्यावर टाकू नका.

मी चालू झाले त्या दिवशी अप्पा अंगणात आले. त्यांनी माझ्या सीटखालचं पत्र काढून खिशात ठेवलं. दुसऱ्या खिशात बंद पाकीट होतं. आत काय लिहिलंय ते मला माहीत आहे, कारण या वेळीही ते उलट्या बादलीवर बसूनच लिहीत होते आणि लिहिताना ओठ हलत होते. 'मानसिंगराव, वाढे तुम्ही बांधले, कागद मी चिकटवला. शिवी कोणी कोणाला द्यायची? एकदा घरी या. करुणा चहा करील.'

ते पायलच्या मागे बसले आणि आम्ही निघालो. बारामतीच्या रस्त्याला खड्डा आला. अप्पांचा हात कॅरिअरवर गेला, तिथं जरा थांबला आणि मग पायलच्या खांद्यावर आला. पोस्टाच्या लाल पेटीसमोर तिने मला उभं केलं. अप्पांनी पत्ता दोनदा वाचला, पाकीट फटीत धरलं आणि सोडलं.