निघतानाचा शब्द

फाइल ०१

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्डर आहे. काळा, बोटाएवढा, पोटात दोन बारीक सेल. ऐकणं हे माझं काम. आज बोलतो आहे तोही घाबरत, कारण माझ्या पोटात एका बाईचं नाव आहे.

कारखान्यात तपासनीस माझ्यापाशी एक शब्द बोलला. मी तो जसाच्या तसा परत दिला. तोच माझा जन्म.

फाइल ०२

२०१०च्या हिवाळ्यात, हुकूमशाहीखालच्या मिन्स्क शहरात नाद्झेयानं मला विकत घेतलं. ती राजकीय बातमीदार. निवडणुकीनंतर माणसं बर्फात उभी राहून घोषणा देत होती, मग धावू लागली. मी तिच्या हातमोज्यात होतो. थंडीनं सेल गारठले, म्हणून ती फाइल घोषणेच्या मध्येच

फाइल ०३

एकदा एक अधिकारी म्हणाला, "मी असं बोललोच नाही." संपादकानं माझं बटण दाबलं. अधिकाऱ्याला त्याचेच शब्द ऐकावे लागले. त्या दिवशी सगळ्यांनी मला थोपटलं. पुढे त्या वर्तमानपत्राच्या कचेरीला सरकारी कुलूप लागलं. झडती आली की नाद्झेया मला राई नावाच्या धान्याच्या काळ्या पावात खुपसायची. अजून माझ्या जाळीत एक कण अडकलेला आहे.

फाइल ०४

ही रिकामी आहे. नाद्झेया दहा दिवस कोठडीत होती, मी पावाच्या डब्यात.

फाइल ०७

२०१७. एका नर्सनं सांगितलं, कोठडीतून दवाखान्यात आणलेल्या मुलाच्या पाठीवर कसले वळ होते. शेवटी म्हणाली, "खरं आहे, म्हणून नावही सांगते." आणि सांगितलं. तेव्हापासून मला भीती वाटते.

फाइल ११

त्यानंतर सहा महिन्यांच्या अभ्यासवृत्तीवर नाद्झेया मला घेऊन सिंगापूरला आली. तिथल्या बुओना व्हिस्टा भागात हिराच्या फ्लॅटमध्ये एक खोली घेतली. हिरा संशोधक. घरात तिची मुलगी प्रियदर्शिनी आणि सासरे यादवराव. दमट हवेनं माझी बटणं चिकटू लागली, पण काम हलकं होतं. नाद्झेया माझ्यावर मराठी शब्द घोकायची.

"हिच्या नावातच नाद आहे," यादवराव म्हणायचे.

एका सकाळी हिरा प्रयोगशाळेत गेली होती. नाद्झेया पिशवी घेऊन दारात उभी राहिली. "बाबा, मी जाते."

"अगं, जाते नाही म्हणायचं. अभद्र वाटतं. निघताना येते म्हणावं."

"गोइंग इज येते?"

"येस. ओन्ली येते."

हे सगळं माझ्यात आहे. फाइल अकरा, तिसरं मिनिट.

फाइल १२

तिच्या आईचं ऑपरेशन ठरलं. मिन्स्कला जाणं भाग होतं. तिनं मला हिराच्या हाती दिलं.

"परत निघाले तर विमानाचा नंबर कळवीन. मला पकडायला आले तर तुमचा निघतानाचा शब्द लिहीन, तिथल्या पोलिसांना तो कळणार नाही. शब्द आला की सीमेपलीकडे व्हिल्नियसला माझ्या सहकाऱ्याला लगेच फोन कर. पोलिसांना तिचं नाव कळण्याआधी त्यानं नर्सला घर सोडायला सांगायचं. मग फाइल सात पाठव."

"निघतानाचा शब्द. कळलं," हिरा म्हणाली.

कळलं नव्हतं, मित्रांनो! हिराच्या मनात 'जाते' होतं; त्या सकाळचा धडा तिनं ऐकलाच नव्हता. पण मला विचारलं कुणी?

फाइल १३

आठव्या दिवशी, शनिवारी सकाळी अकराला, हिराचा फोन वाजला. तिकडे सकाळचे सहा.

"बाबा, नाद्झेयाचा मेसेज. येते म्हणतेय!"

"विमानाचा नंबर?"

"घाईत विसरली असेल. मी तिच्यासाठी मासे आणते."

मी टीव्हीशेजारी पडून होतो. फाइल अकरा, तिसरं मिनिट. दाबा कुणीतरी. हिरानं मासे आणले, खोलीतली चादर बदलली. प्रियदर्शिनीनं माझ्यावरची धूळ पुसली, तेव्हा तिचं बोट बटणावरून सरकलं. चिकट बटण. दबलंच नाही.

बारा. दोन. चार.

पाचला यादवराव खाली फेरी मारायला निघाले. एक चप्पल पायात, एक हातात. "येतो गं, हिरा."

आणि ते तिथेच थांबले.

"हिरा... मी आत्ता काय म्हणालो?"

"येतो म्हणालात."

"आणि मी कुठे निघालोय?"

हिराच्या हातातलं पातेलं सिंकमध्ये आदळलं.

"आजोबा, यू टॉट हर राँग, लाह!" प्रियदर्शिनी सिंगापुरी इंग्रजीत ओरडली.

"राँग नाही गं पोरी. बरोबरच शिकवलं, तेच नडलं."

हिरानं व्हिल्नियसला फोन लावला. सहा तास वाया गेले होते. सहकारी म्हणाला, "थांबा." फोन चालूच राहिला. मी आयुष्यात पुष्कळ शांतता साठवली आहे, पण इतकी लांब नाही.

"नर्स निघाली. मागच्या दारानं, अंगावरच्या कपड्यांनिशी," तो अखेर म्हणाला. "पुढच्या दारात पोलिसांची गाडी आलेली होती."

फाइल १४

फाइल सात जगानं ऐकली, नाव वगळून. नाद्झेया पंधरा दिवसांनी सुटली. बातमीदारीचं ओळखपत्र गेलं, तरी ती तिथेच राहून लिहिते. आता फोनवरच ध्वनिमुद्रण करते. मी हिराच्या कपाटात आहे. सेल गळू नयेत म्हणून तिनं ते काढून ठेवले आहेत. एवढी निगा पुष्कळ झाली.

मागणं माझ्यासाठी नाही. कुणी विश्वासानं तुमच्याकडे शब्द ठेवला, तर 'कळलं' म्हणण्याआधी एकदा विचारा, त्याचा अर्थ काय. आणि ठाऊक असेल तर सांगून टाका. मी सहा तास सगळं जाणून गप्प पडलो होतो. मला बटण लागतं, मित्रांनो. तुम्हाला लागत नाही.