हाताशी जुळवलेले चेहरे

या, असे जवळ सरकून बसा. ही गोष्ट मोठ्याने सांगण्यासारखी नाही. लांब बसलात तर निम्मी वाऱ्यावर जाईल. एका फोटोवाल्याने एक यंत्र विकत घेतलं, तेही स्वस्तातलं, एवढीच गोष्ट आहे. पण आधीच सांगून ठेवतो: मध्ये थांबलो तर सांभाळून घ्या.

हा फोटोवाला लग्नाची, बारशाची कामं घ्यायचा. फोटो काढून झाले की घरी येऊन कॉम्प्युटरपुढे बसायचा आणि मग त्याचं खरं काम सुरू व्हायचं. एकेक चेहरा निवडून त्याचा रंग ठीक करायचा. कपड्यांना, फुलांना हात लावायचा नाही, फक्त चेहरे. आणि त्याची एक पद्धत होती. मान न वळवता तो म्हणायचा, "हात."

स्वयंपाकघरातून बायको यायची. पदराला हात पुसून शेजारच्या खुर्चीवर बसायची आणि तळहात स्क्रीनला लावून धरायची. त्या हातावरून तो माणसाच्या कातडीतला लाल किती, पिवळा किती याचा अंदाज घ्यायचा. कुणी गोरं असो, सावळं असो, माप त्या हाताचं.

"या हाताला कधी भाडं मिळालं नाही," ती म्हणायची.

"अगं, स्थिर धर."

"स्थिरच आहे. तिकडे भाजी करपतेय. ही नवरी माझ्या भाजीपेक्षा मोठी आहे का?"

"झालं, झालं."

"झालं म्हणता आणि पुन्हा बोलावता. आता येते ती जेवायला बोलवायलाच."

अशी त्यांची वर्षं गेली. मग ती आजारी पडली. यकृताचं दुखणं. कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं. ती गेली, आणि घरात एक माणूस आणि दोन खुर्च्या राहिल्या. तो काम करत राहिला. "हात" म्हणायला तोंड उघडायचा आणि मिटायचा. बाकी दिवसभर त्याच्या तोंडून शब्द निघायचा तो फोनवर, तोही गिऱ्हाइकाचा आला तर.

एकदा लेकीचा फोन आला. ती दूरच्या गावी असते, तिला लहान मुलगी आहे.

"बाबा, आईचा एक मोठा फोटो करून पाठवा ना. हिला आजी कशी होती ते दाखवायला माझ्याकडे काहीच नाही."

फोटोवाल्याच्या बायकोचे फोटो नसतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. सगळं जग कॅमेऱ्यापुढे आणि ती मागे, पिशव्या सांभाळत. तिचा धड असा एकच फोटो होता. खिडकीत उभी राहून ती खाली कुणाला तरी काहीतरी सांगतेय आणि हसतेय. त्याने तो मन लावून केला, लॅबमध्ये छापून घेतला, नीट बांधून पाठवला.

पोचल्यावर लेकीचा फोन आला.

"बाबा, आई पिवळी दिसतेय."

"लॅबवाल्याने घाण केली असेल."

"तुम्ही कायम त्यालाच बोल लावता. मी हा भिंतीवर लावणार नाही, परत पाठवतेय. हिच्या डोळ्यांपुढे आजी म्हणून हा चेहरा नको."

आता बघा, त्याच्या जिवाला काय लागलं ते. बायको गेली ती गेली. पण नातीच्या मनात तिने कसं राहायचं, हे त्याच्या एका कागदावर आलं होतं. आणि तो कागद परत आला होता.

तो कागद घेऊन तसाच लॅबवाल्याकडे गेला. दोघांचं जुनं सख्य होतं, पण मधल्या काळात बिनसलं होतं. गिऱ्हाइकं "चेहरे पिवळे येतात" म्हणायला लागली तेव्हा याने त्याच्या कागदापासून शाईपर्यंत सगळ्याला नावं ठेवली होती.

"या मास्तर," लॅबवाला म्हणाला. "आज काय, कागद की शाई?"

याने फोटो पुढे ठेवला. लॅबवाल्याने तो पाहिला आणि त्याची थट्टा ओठांतच राहिली. त्याने वहिनींच्या हातचा चहा प्यायला होता.

"हे बघा," तो हळू आवाजात म्हणाला. "प्रत्येक प्रिंटच्या कडेला मी एक करडी पट्टी छापतो. तुमच्या फोटोची कापायची राहिली होती. माझं मशीन पिवळं मारत असतं तर ही आधी पिवळी झाली असती. आहे का?"

पट्टी करडीच होती. फोटोवाला ती बराच वेळ उजेडात धरून बसला.

"म्हणजे माझा स्क्रीन बिघडला."

"तेच दिसतंय. स्क्रीन मोजायचं यंत्र घ्या. कॅलिब्रेटर."

"मी पाहिलंय एक. छापलेला कागदसुद्धा मोजतं."

"ते कशाला? कागद मोजणं माझा धंदा. माझ्या कागदावर रंग कसे उतरतात त्याची फाइल, प्रोफाइल म्हणतात ती, मी तुम्हाला फुकट देतो. उगाच किमती यंत्र घेऊन कपाटात ठेवणार."

"एकाकडे जुनं मिळतंय, निम्म्या किमतीत."

"जुन्यातल्या काचा वयाने विटतात, मास्तर. विटलेल्या डोळ्याने रंग मोजायचे? त्यापेक्षा नवं घ्या, सगळ्यात साधं. त्याच्या सोबतचं सॉफ्टवेअर जेमतेम असतं, पण फुकटातलं चांगलं मिळतं, ते मी टाकून देईन. तुम्हाला स्क्रीन खरं बोलतोय की खोटं, एवढंच कळायला हवं ना?"

"एवढंच," तो म्हणाला.

यंत्र आलं. मुठीत मावेल एवढं, वायरीला मागे एक वजन, म्हणजे स्क्रीनवर लोंबत राहतं. सांगितल्याप्रमाणे त्याने मॉनिटर आधी चालू ठेवून तापू दिला, ऊन येऊ नये म्हणून पडदा ओढला आणि यंत्र मधोमध टेकवलं. मग स्क्रीनवर एकेक रंग यायला लागला. लाल, हिरवा, निळा, मग करड्याच्या छटा, अंधारापासून उजेडापर्यंत. यंत्र एकेकाला न्याहाळून पुढे जात होतं. त्याला काही करायचं नव्हतं. तो सवयीने आपल्या खुर्चीवर एका बाजूला सरकून बसला होता, शेजारी कुणी दाटीवाटीने बसल्यासारखा.

संपल्यावर आधीचं आणि नंतरचं दाखवणारं बटण आलं. त्याने ते दाबलं. पुन्हा दाबलं. काही फरकच दिसेना. उजेड थोडा जास्त होता तो उतरला, बाकी रंग जागच्या जागी.

त्याने लॅबवाल्याला फोन केला. "यंत्र भुक्कड निघालं. स्क्रीन ठीक आहे म्हणतंय."

"म्हणजे त्याने तुम्हाला शिव्या घातल्या नाहीत म्हणून भुक्कड?" लॅबवाला हसला. मग म्हणाला, "मास्तर, स्क्रीन ठीक, कागद ठीक. मग फोटोच पिवळे असतील. जुनी कामं उघडून बघा एकदा."

त्याने उघडली. सगळ्यात जुन्या अल्बमपासून पाहत आला. नवऱ्या छान होत्या, गालांवर रक्त होतं. पुढे आला, अजून पुढे. मग एका लग्नात चेहरे किंचित मलूल वाटले. त्यानंतरच्या बारशात जास्त. मुलाचं अंगडं दुधासारखं पांढरं आणि मुलाचा चेहरा फिकट पिवळा. अल्बमामागून अल्बम तो रंग चढत गेला होता. तोही चोरपावलांनी, शेजारच्या दोन अल्बमांत फरक कळू नये असा. कपड्यांच्या रंगाला त्याने कधी हात लावला नव्हता. चेहरे बदलले होते. आणि चेहरे तो हातावरून करायचा.

बायकोला दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी त्याला विचारलं होतं, "यांचा रंग बदललेला कधीपासून लक्षात आला?" तो म्हणाला होता, "परवा, डोळे पिवळे दिसले तेव्हा." ज्या माणसाचा धंदाच रंग ओळखण्याचा, तो असं म्हणाला होता. तो हात रोज त्याच्या डोळ्यांपुढे होता, आणि तो हाताकडे न पाहता हाताने बाकीचं जग पाहत होता. गावभरच्या नवऱ्यांच्या, बाळांच्या तोंडावर त्याने तिचं दुखणं नीट जुळवून लावलं होतं.

देवा, माणसाला तू डोळे देतोस आणि प्रेमाच्या माणसापाशी ते असे मिटवतोस. यात तुझी दया असेल. मला अजून कळलेली नाही.

शेवटी त्याने तिचा फोटो उघडला. आपण केलेला नव्हे, कॅमेऱ्यातून आला तसा, हात न लावलेला. तो फोटो दुखण्याच्या कितीतरी आधीचा होता. खिडकीतली बाई तांबूस, तजेलदार होती. हसताना कान लाल झाले होते. क्षणभर त्याला ती ओळखूच आली नाही. शेवटचे दिवस त्याच्या डोळ्यांत इतके मुरले होते, की तिचा चेहरा 'सुधारायला' बसला तेव्हा तो पिवळा त्याने आपल्याच हाताने तिला दिला होता.

त्याने काही केलं नाही. रंग कमीजास्त करायच्या पट्टीवर गेलेलं बोट मागे घेतलं. फाइल होती तशी लॅबवाल्याला पाठवली आणि खाली लिहिलं, "चूक तुझी नव्हती. आधीही नव्हती." लॅबवाल्याने प्रिंट स्वतः बांधून परस्पर लेकीकडे धाडली.

तिचा फोन आला तेव्हा मागे नात काहीतरी बडबडत होती.

"बाबा, हीच. हीच आई. भिंतीवर लावलासुद्धा." तिचा आवाज भिजला होता. "काय झालं होतं मग? स्क्रीनच बिघडला होता ना?"

सांगितलं असतं तर तिनेही पुढे जन्मभर हिशेब मांडला असता, आपण सुट्टीत माहेरी गेलो होतो तेव्हा आई कशी दिसत होती याचा.

"हो गं," तो म्हणाला. "स्क्रीनच होता. आता ठीक केलाय."

"जेवलात का?"

"जेवतो आता."

फोन ठेवून तो पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसला. लेकीला जी आई एका नजरेत ओळखू आली, ती त्याला थोडी थोडी करून ओळखायची होती. तो त्या फोटोकडे बघत बसला.

आता तुम्ही घरी जाल, निजण्याआधी देवापुढे हात जोडाल, आपल्या माणसांसाठी मागाल. त्यांच्या मागे दाराशी या फोटोवाल्यालाही उभा करा. त्याच्यासाठी फार काही मागू नका. बायकोचा तो हसरा चेहरा त्याला लवकर ओळखीचा होवो, एवढी आठवण ठेवा.