बिगूलवाला पेला

तोकिकोला शेजारच्या किहाचीचा एकाच गोष्टीसाठी राग यायचा. रोज संध्याकाळी तो ओट्यावर बसून साके, म्हणजे तांदळाची दारू, प्यायचा, आणि तीही तिच्या दादाच्या पेल्यातून.

योशिनारीदादा पलटणीतली मुदत संपवून आला, तेव्हा रिवाजाप्रमाणे त्याने निरोपाला स्टेशनावर आलेल्यांच्या घरोघरी आभार म्हणून एकेक पेला वाटला होता. आत सोनेरी तारा, दोन निशाणं आणि तो स्वतः बिगूल वाजवायचा म्हणून मातीतच उठवलेला बिगूल. तळाला त्याचं नाव. घरात एकही ठेवला नाही. आपण मानलेले आभार आपल्याच कपाटात कसे ठेवायचे? पुढे त्याला पुन्हा बोलावणं आलं आणि परत आली ती अस्थींची रिकामी पेटी. युद्ध हरल्यावर अमेरिकन शिपाई झडती घेतील या धास्तीने गावाने असल्या वस्तू ओढ्यात फेकल्या. उरला तो किहाचीचा पेला.

पितरांच्या देव्हाऱ्यात दादाच्या फोटोपुढे तो असावा, एवढंच तिला हवं होतं. पण तो मागायचा म्हणजे दादाचे आभार परत मागण्यासारखं. केस पिकले तरी तिने तोंड उघडलं नाही.

आणि आता शहरातून मिझोगुची नावाचा माणूस आला होता. असले पेले जमवणारा. गावात कुणाकडे आहे का, हे त्याने नेमकं तोकिकोलाच विचारलं. खोटं बोलणं तिच्या जिवावर आलं. तिने घर दाखवलं, आणि राहवेना म्हणून कांद्याची पात द्यायच्या निमित्ताने मागोमाग गेली.

मिझोगुचीने भिंगातून पेला निरखला. "अरेरे, तारा पार गेलाय. निशाणं तर दिसतच नाहीत. आजोबा, पेटीत जपून ठेवायचा होता."

"पेटीत ठेवून प्यायचं कसं, ते दाखवा की," किहाची म्हणाला.

"असू दे. बिगूल क्वचित मिळतो. मी घेतो. काचेच्या कपाटात ठेवीन."

"ऐकलंस का तोकी? तुझ्या दादाला काचेचं घर मिळतंय. देऊन टाकू?"

तिच्या हातातली पात चुरगळली. "पेला तुमचा, किहाची-सान. मला कशाला विचारता?"

किहाची तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग त्याने मिझोगुचीला चहा पाजला, मुळ्याचं लोणचं खाऊ घातलं आणि वाटाण्याच्या अक्षता लावल्या.

संध्याकाळी तो बाटली आणि पेला घेऊन तोकिकोकडे आला. देव्हाऱ्यापुढे बसून त्याने पेला काठोकाठ भरला, फोटोपुढे ठेवला आणि हात जोडले.

"देताना म्हणाला होता, कपाटात ठेवलास तर बघ. रोज पी आणि मला शिव्या घाल," तो म्हणाला. "शिव्या काही जमल्या नाहीत."

तोकिकोला भडभडून आलं. इतकी वर्षं आपण या माणसावर डोळे वटारले, याची तिला लाज वाटली.

किहाची उठला.

"पेला राहिला तुमचा," ती म्हणाली.

"भरलेला आहे. वाटेत सांडेल. उद्या येऊन पितो, मग नेईन."

दुसऱ्या दिवशी तो आला, फोटोपुढची साके प्यायला, आणि त्याने बिगुलावरून अंगठा फिरवला. तोकिकोने बाटली हाताशीच ठेवली होती. तिने पेला पुन्हा काठोकाठ भरला.

"आजही भरलेलाच आहे," ती म्हणाली.

"मग उद्या येतो," किहाची म्हणाला आणि चपला शोधू लागला.