चार बोटांची शांतता

"ताई, मशीन!" सर ओरडले.

भिंतीपलीकडचं शिलाई मशीन थांबलं. अलीकडच्या गिटारीही थांबल्या. सरांनी डोळे मिटले, तळहात तारांवर अलगद ठेवला आणि क्षणभर त्या खोलीत काहीच वाजलं नाही.

"हा तो थांबा," डोळे उघडत ते म्हणाले. "सूर काय, कुणीही काढतो हो. सोडायला छाती लागते. बाकीचे वाजवतात, गुरू थांबतात."

सरांचा क्लास मुख्यतः या वाक्यावर चालत असे.

गुरूंना सरांनी कधी पाहिलं नव्हतं. गुरू परमुलखातले, इकडे आपला एक पट्टशिष्य आहे याचा पत्ता न लागताच ते वारले. सगळी विद्या एका कॅसेटमधून उतरली होती. जाहीर मैफलीचं रेकॉर्डिंग ते. थांब्याच्या जरा आधी श्रोत्यांतलं कुणीतरी खोकतं. तो खोकलाही सर आदरानं ऐकत आणि दर नव्या विद्यार्थ्याला ऐकवत.

"सर, एक गंमत," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वर्गातल्या सगळ्यांत वयस्क विद्यार्थिनी. "ती मैफल मला मोबाइलवर सापडली. काय स्वच्छ आहे!"

"लावा की," सर मोठ्या मनानं म्हणाले.

गिटार सुरू झाली. खोकला आला. सरांनी थांबा दाखवायला हात वर केला. गिटार थांबली नाही. जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळत कुणी हसत खाली यावं तशी सुरांची एक ओळ धावत आली आणि पुढे निघून गेली. थांबा नसलेल्या जागी बसगाडीला हात करावा, तसा सरांचा हात वरच राहिला.

"हे तर थांबलेच नाहीत," वर्गातला विमा एजंट म्हणाला.

"ही वेगळी मैफल," सर म्हणाले. "दुसऱ्या दिवशीची असेल."

"हो, असेल," डॉक्टरीणबाई लगेच म्हणाल्या.

खोकला त्यांनीही ओळखला होता. रोज दोनदा दात घासतो म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडात बघून त्या जशी मान हलवत असणार, तशीच त्यांनी ती हलवली. सरांना वाटलं, याऐवजी बाई तोंडावर खोटं पाडत्या तर बरं झालं असतं.

वर्ग सुटल्यावर ते पलीकडच्या खोलीत गेले. ताई एका झग्याला अस्तर लावत होती.

"ताई, माझी ती कॅसेट कधी तुटली होती का गं?"

"तुटली कुठली, प्लेअरनं गिळली. तू शाळेत गेला होतास. हात लावू नको म्हणाला होतास, पण मला ऐकावंसं वाटलं." तिनं दातानं दोरा तोडला. "चार बोटं पट्टी पार चुरगळली. तेवढी कापली आणि कोऱ्या कॅसेटची तेवढीच जोडली. ठिगळ मापानंच लावावं लागतं बाबा."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"घर डोक्यावर घेतलं असतंस! पुढं तू त्या जागेबद्दल इतकं छान बोलायला लागलास की म्हटलं, असेल त्या माणसाचंच काहीतरी. मला काय कळतंय? मला कान नाही ना."

हे सरांचंच वाक्य होतं. आल्यागेल्याला ते ताईची ओळख अशीच करून देत: ही आमची ताई, हिला कान नाही. लोक हसत. ताईही हसे आणि चहा टाकायला जाई.

सर तिथंच तिच्या कापडांच्या गठ्ठ्यावर बसले. ज्या शांततेसाठी ते आयुष्यभर हिच्यावर ओरडले, ती हिनंच बसल्या जागी कातरीनं बेतली होती. त्यांचे जुने विद्यार्थी आता आपापले क्लास चालवत होते, आणि कुठकुठल्या खोल्यांत डोळे मिटून थांबत असतील या विचारानं त्यांचे कान तापले.

"ऊठ, अस्तर चुरगळतंय," ताई म्हणाली.

पुढच्या वर्गाला सरांनी गिटार हातात घेतली नाही.

"मागच्या वेळी मी खोटं बोललो," ते म्हणाले. "मैफल तीच आहे. थांबा गुरूंचा नाही, माझ्या बहिणीचा आहे." मग कॅसेट, कातर, ठिगळ, सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई मान खाली घालून तारा जुळवत राहिल्या. त्या आधीच जुळलेल्या होत्या.

"म्हणजे एवढी वर्षं आम्ही ठिगळ वाजवत होतो?" विमा एजंटानं विचारलं.

"हो. आणि फार तब्येतीनं."

कुणीतरी हसलं. सरही हसायला गेले, पण ते जमलं नाही.

"आजपासून सरळ पुढं जायचं. ती ओळ मलाही नीट येत नाही, आठवडाभर घोटतोय. बाई, तुम्ही चुका सांगा." मग भिंतीकडे वळून ते म्हणाले, "ताई, मशीन चालू ठेव गं! आता थांबायचं नाही."

"बरं!" पलीकडून आवाज आला आणि मशीन घरघरू लागलं.

सगळ्यांनी सुरुवात केली. खोकल्याची जागा आली. सरांची बोटं त्या ओळीच्या पहिल्या सुरावर पोचली, आणि तळहात आपसूक तारांवर येऊन बसला. पाठोपाठ सगळ्यांचे बसले.

भिंतीपलीकडं मशीनही थांबलं.