सतरावी ओळ

रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी अमरावतीत माझ्या सतराव्या ओळीवर लाल रेघ ओढली गेली. अकरा पस्तीसला त्या ओळीचा माणूस दारात उभा होता.

मित्रांनो, मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची एक जुनी हजेरीवही आहे. १९७७ साली माझ्यात एकेचाळीस नावे लिहिली गेली. शेवटच्या तासानंतर सरांनी मला वर्गप्रतिनिधी नत्थुजींच्या हाती दिले. त्यांच्या नोकरीच्या काळात मी ट्रंकेत पडून होते. कसरीने माझा एक कोपरा खाल्ला. छत्तीस वर्षे एकही ‘हजर’ माझ्या कानी पडला नाही.

निवृत्तीनंतर नत्थुजींनी मला बाहेर काढले, खाकी कव्हर घातले. तेव्हापासून दर जानेवारीत, एक वर्ष अमरावतीला, एक वर्ष अकोल्याला, मी उघडते. नत्थुजी क्रमांक पुकारतात. पांढऱ्या केसांची मुले उभी राहून “हजर, सर” म्हणतात. जो गेला त्याच्या नावावर लाल रेघ येते आणि सगळे मिनिटभर उभे राहतात.

त्या दिवशी शालिकराम उठताना अडखळले.

“गुडघे अकोल्यातच ठेवून आला काय बे?” मागून कोणीतरी ओरडले. हशा पिकला. मग सतरा आला आणि हसू थांबले.

तो धामणगाव रेल्वे या गावच्या जानरावांचा क्रमांक. पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्याच फोनवरून त्यांचा मुलगा अंकुर याने वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिले होते, “आमच्या घरचा आधार गेला.” नाव नव्हते. जानरावच गेले, असे सगळ्यांनी धरले. श्रद्धांजली आली, जोडलेल्या हातांची चित्रे आली. घरी फोन कोणीच केला नाही.

“माणूसच गेला, आता फोन कोणाले करतं?” असे शालिकराम म्हणाले होते.

आता तेच जानराव दारातून आत आले, मला हातात घेतले आणि ती लाल रेघ पाहिली.

“दुर्गा गेली, नत्थ्या. माही बायको. मी नाई.”

त्यांनी रेघेवर बोट ठेवले.

“मले वाटलं, ते हात तिच्यासाठी जोडले. म्हणून आलो, तुमच्यात दोन घटका बसाले. एकालेबी माहा नंबर सापडला नाई?”

त्यांनी मला टेबलावर ठेवले आणि पिशवी उचलली. नत्थुजी पायऱ्यांपर्यंत मागे गेले. परत आले तेव्हा एकटेच होते.

घरी त्यांनी ब्लेडने रेघ खरवडली. कागद विरळ झाला, रेघ राहिली. मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटकता येते, कसर उन्हात ठेवून घालवता येते. न विचारता ओढलेली रेघ निघत नाही. कोणाचे नाव खोडण्याआधी त्या घरी एक फोन करा.

बुधवारी नत्थुजींनी मला घेऊन धामणगावची बस धरली. अंगणात अंकुर भेटला. “बाबा आत आहेत, काका. पण कोणाशी बोलत नाहीत,” म्हणाला. त्याने खुर्ची दिली. नत्थुजी बसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, मला उघडले आणि वर्गात पुकारत तसे पुकारले, “सतरा!”

आत खाट करकरली.

दुपारचे बारा वाजून वीस मिनिटे झाली आहेत. पुढचा क्रमांक त्यांनी अजून पुकारलेला नाही.