लकेश कोणाजवळ झोपतो

धाकट्या जावेच्या खोलीत हीटर आला आणि सरिताची झोप उडाली.

हीटर दिसायलाही देखणा होता. पांढराशुभ्र, चाकांवर सरकणारा, आत तेल भरलेला. ना जाळ, ना धूर, ना आवाज. सरिताचा दीर भूपेंद्र तुमसरला राइस मिलमध्ये मशीन चालवायचा. त्यानेच तो मोटरसायकलला मागे बांधून मोहाडीजवळच्या त्यांच्या गावी आणला, आणि वाटेत ज्याने ज्याने विचारलं त्याला थांबून दाखवला. कारणही तसंच होतं. भूपेंद्र आणि अंजूची रुही पावसाळ्यात दिवस भरायच्या आधीच जन्मली होती, मांजराच्या पिल्लाएवढी. पोरीला थंडी लागू द्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून भूपेंद्रने अंगणाच्या पलीकडे स्लॅबची खोली बांधली, सरकत्या काचांच्या खिडक्या लावल्या आणि थंडी पडताच हीटर आणला.

सरिताला हे सगळं समजत होतं. समजत होतं म्हणून तर जास्त झोंबत होतं, कारण बोलायला तोंडच उरलं नव्हतं.

तिचा लकेश तर भर थंडीतच जन्मला होता. या कवेलूच्या छपराच्या खोलीत, मातीच्या भिंतींत. तेव्हा कोणी हीटरचं नाव काढलं नव्हतं. रात्र रात्र तिने त्याला पोटावर घेऊन काढली होती, वरून गोधडी, गोधडीवर नवऱ्याचं, धनीरामचं, कांबळं. सासू रत्नाबाई तेव्हा म्हणाली होती, "आमची पोरं अशीच वाढली व." आणि तीच रत्नाबाई आता रुहीसाठी आपलं अंथरूण उचलून नव्या खोलीत गेली होती. बाळंतिणीला मदत पाहिजे, म्हणे. सरिता बाळंतीण होती तेव्हा काय ती लोखंडाची होती?

हेही तिने गिळलं असतं. पण एका संध्याकाळी चार वर्षांच्या लकेशने आपली उशी काखेत मारली आणि म्हणाला, "मी काकूच्या खोलीत झोपतो."

"काहून? अठी काय झालं?"

"तठी मस्त लागते," तो म्हणाला आणि अंगण ओलांडून पळाला.

त्यानंतर रोजचंच झालं. सकाळी तो परत यायचा तेव्हा त्याचे गाल गरम असायचे आणि अंगाला रुहीच्या पावडरचा वास यायचा. सरिता त्याला जवळ घ्यायची, तो वास नाकात गेला की तिचं डोकं फिरायचं. मग ती त्याला उगाच खसखसून आंघोळ घालायची.

नवऱ्याजवळ तिने विषय काढला. धनीराम जेवत होता.

"अव, पोट्टा गरम खोलीत झोपून राहिला, यात वाईट काय हाये?"

"मंग आपली खोली काय थंडी हाये?"

"नाही ना. मातीची हाये, गरमच राहते."

"त पोरगा तिकडे काहून जाते?"

धनीरामने भातावर वरण वाढून घेतलं.

सरिताने मग आपल्या परीने सुरुवात केली. मळणीनंतरची ताजी, सोनेरी तणस तिने ढिगातून उपसून आणली, खाटेवर जाड पसरली, तिच्यावर दोन गोधड्या घातल्या. अशा तणशीवर अंग टाकलं की माणूस घरट्यात शिरल्यासारखा खाली जातो आणि खालून ऊब चढते. चुलीजवळ वीट तापवून, फडक्यात गुंडाळून तिने पायथ्याशी ठेवली. दारातल्या फटीत चिंध्या कोंबल्या. लकेशला उचलून त्यात ठेवलं. तो हसला, तणशीत लोळला, विटेला पाय लावून पाहिला. सरिताने त्याच्या कपाळावरून हात फिरवला. आता झोपतो म्हणेपर्यंत तो उठून बसला.

"झालं," तो म्हणाला, "आता जातो मी."

तो गेल्यावर सरिता बराच वेळ त्या गरम विटेकडे पाहत बसली.

पूस महिन्याच्या ऐन कडाक्यात दोन्ही भाऊ रात्रीचे घरी नसायचे. धान खरेदी केंद्रावर धनीरामचा माल मोजायचा बाकी होता, पोत्यांची राखण करायला तो तिथेच झोपायचा. भूपेंद्रची रात्रपाळी होती. घरात बायका आणि पोरं. त्या रात्री जेवणं आटोपली, लकेश उशी घेऊन गेला, अंजूने दार लावलं. काचेतून उजेड अंगणात पडला. आतून तिघांचं हसू ऐकू आलं. सासूचं, अंजूचं आणि लकेशचं.

विजेचा बोर्ड सरिताच्या ओसरीत होता. नव्या खोलीचा फ्यूज वेगळा बसवला होता, हे तिला माहीत होतं, भूपेंद्रला तो काढता-घालताना तिने कितीदा तरी पाहिलं होतं. ती स्टुलावर चढली. एका हिसक्यात फ्यूज हातात आला.

समोरची काच काळी झाली.

सरिताने आपलाही दिवा बंद केला आणि अंधारात बसून राहिली. थोड्या वेळात खोली गार पडेल, पोरगा कुडकुडेल आणि येईल, आई म्हणत येईल. तिने गोधडीचं एक टोक उचलूनच ठेवलं होतं.

दार उघडलं, पण लकेशने नाही. रत्नाबाईचा आवाज आला, "लाईन गेली वाटते. पोरीले थंडी लागन. थांब, मी गोरसी भरून आणतो." रत्नाबाई मागच्या पडवीत गेली, पाणी तापवायच्या चुलीतले निखारे मातीच्या गोरसीत भरले आणि ती लाल झालेली गोरसी पदराने धरून अंगणातून घेऊन गेली. दाराखालून वारा शिरू नये म्हणून आतून पोतं कोंबल्याचाही आवाज सरिताने ऐकला. मग सगळं शांत झालं.

लकेश आला नाही. एवढ्या थंडीतही त्याला ती खोली सुटत नव्हती. सरिताने उचललेलं गोधडीचं टोक खाली टाकलं, भिंतीकडे तोंड केलं आणि रडत रडत कधीतरी झोपली.

तिला जाग आली ती शांततेमुळे. कोंबडा आरवायच्या आधी रुही रोज दुधासाठी रडायची. तिचं ते बारीक टाहो फोडणं सरिताला रोज नकोसं व्हायचं. आज कोंबडा आरवून गेला होता आणि रुही रडली नव्हती.

आधी तिला वाटलं, कोणी उठायच्या आत फ्यूज जागेवर लावावा. तो लावला तशी समोरची खिडकी उजळली. तरी आत कोणी हललं नाही. दिवा लागला की रत्नाबाई हमखास काहीतरी पुटपुटायची. सरिता अनवाणीच अंगणात उतरली. दारावर थाप मारली.

"अंजू! आई! लकेश!"

दोन्ही हातांनी दार बडवलं तेव्हा आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. कडी कशीबशी निघाली. अंजू उंबऱ्यातच बसली, मान एका बाजूला, ओठांतून लाळ. "दीदी... डोकं..." एवढंच ती म्हणाली.

आत डोळ्यांना लागेल असा धूर नव्हता. गोरसीत राख आणि तिच्याखाली मंद लाली. पण हवा जड होती. सरिताने खिडक्या धाडकन सरकवल्या. पलंगावर रत्नाबाई भिंतीला टेकून पडली होती, तिच्या अलीकडे लकेश, आणि सगळ्यात अलीकडे, सरिताच्या हाताशी, रुही. सरिताने रुहीच्या अंगावरून हात नेला आणि लकेशला ओढून घेतलं. त्याला छातीशी धरून ती अंगणात धावली. तणशीच्या ढिगावर त्याला ठेवून परत आली, मग रुहीला उचललं. मग ओरडत सुटली.

शेजारचा चंद्रकुमार आपली गाडी घेऊन आला. सासूला त्याने आणि त्याच्या भावाने उचललं, अंजूला धरून गाडीत बसवलं. मोहाडीच्या दवाखान्यापर्यंत सरिता दोन्ही लेकरांना थंड वाऱ्यात धरून बसली, खिडकी लावू दिली नाही. वाटेत लकेशने उलटी केली आणि रडायला लागला. मग रुही रडली. सरिताने आयुष्यात इतकं गोड रडणं ऐकलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना ऑक्सिजन लावला. वेळेवर आणलं, म्हणाल्या. कवेलूच्या घरात फटीफटीतून हवा खेळते, तिथे गोरसी खपून जाते. बंद स्लॅबच्या खोलीत निखाऱ्याचा विषारी वायू कोंडतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. रत्नाबाई ऐकत होती. तिने जन्मभर गोरसीजवळ पोरं झोपवली होती. तिचा चेहरा राखेसारखा झाला.

भूपेंद्र मिलमधून तसाच आला, केसांत धानाचा कोंडा. पोरीला पाहिलं, बायकोला पाहिलं आणि व्हरांड्यात येऊन आईवर तुटून पडला.

"तुले समजत नाही काय? एवढंसं लेकरू, आन् तू खोली बंद करून गोरसी ठेवते?"

"लाईन गेली होती गा..."

"कोठी गेली? चंद्रकुमार म्हणते, रातभर गावात लाईन होती!"

रत्नाबाई पदराचं टोक हातात चुरत राहिली. आपणच वेडं काहीतरी केलं असणार, असं तिच्या तोंडावर उमटायला लागलं. सरिताला वाटलं, गप्प बसलं तर हे इथेच संपतं. धनीरामही येऊन भिंतीशी उभा होता. कोणाला कळणार नव्हतं.

"लाईन नव्हती गेली, भाऊजी," ती म्हणाली. "फ्यूज मी काढला."

"काहून?"

आता सांगायचं तरी काय? हीटरचं, पावडरच्या वासाचं, तापवलेल्या विटेचं? सगळं मिळून एकच वाक्य झालं, आणि तेही तोंडातून निघताना तिला लाज वाटली.

"लकेश माह्याजवळ यावा म्हून."

भूपेंद्रने हात उगारला नाही, पण तो तिच्याकडे असा पाहत राहिला की मारलं असतं तर बरं झालं असतं. आतल्या खाटेवर अंजूने सगळं ऐकलं होतं. तिने रुहीच्या तोंडावर पदर ओढला आणि कूस बदलली.

घरी आल्यावर भूपेंद्रने आधी वायरमन बोलावला. नव्या खोलीची सगळी लाईन वेगळी करून बोर्ड आत घेतला. अंजू दिवसासुद्धा खोलीला कुलूप लावायला लागली. सरिता अंगणात आली की ती रुहीला उचलून आत जायची. धनीराम बायकोच्या हातचं जेवत होता, पण मान वर करत नव्हता. सरिता हे सगळं सोसत होती, आणि तिचं तिलाच नवल वाटायचं की एवढं होऊनही रात्री त्या खिडकीतला उजेड पाहिला की तसंच झोंबतं. लकेश आता तिच्याजवळ झोपत होता, कारण पलीकडे त्याला कोणी घेत नव्हतं. तिला हवं होतं तेच झालं होतं, आणि पोरगा रात्रभर तोंड फुगवून पडून राहायचा.

एका दुपारी सरिता अंगणात भांडी घासत होती. अंजू उन्हात रुहीच्या अंगाला तेल लावत बसली होती. यावेळी ती उठून गेली नाही.

"दीदी," ती हातातलं काम न थांबवता म्हणाली, "तुमी आधी लकेशले उचललं."

सरिताचे हात राखेत थांबले.

"रुही अलीकडे होती. तिच्यावरून हात नेला तुमी. मी उंबऱ्यातून पाहून राहिली होती."

"हाव," सरिता म्हणाली.

अंजूने रुहीला पालथं केलं, पाठीवर तेल सोडलं. "मी बी तसंच केलं असतं," ती म्हणाली. पाठ चोळून झाल्यावर पुन्हा बोलली, "पण फ्यूज मी नसता काढला."

सरिताने पुढचं भांडं घासायला घेतलं. त्यानंतर अंजू तिच्याशी बोलायला लागली, कामापुरतं.

रत्नाबाई मात्र बदलली. नव्या खोलीत तिला झोप येईना. डोळे मिटले की छाती दाबल्यासारखी व्हायची, पुन्हा पुन्हा उठून ती रुहीच्या नाकाजवळ बोट धरायची. शेवटी एका संध्याकाळी ती आपलं अंथरूण काखेत घेऊन अंगण ओलांडून सरिताच्या दारात उभी राहिली.

"तठी माह्यानं झोपणं होत नाही व," ती म्हणाली. "अठी पडून राहतो कोपऱ्यात."

सरिताने खाटेजवळ खाली तणस पसरून तिला जागा करून दिली. त्या रात्री लकेश उशी घेऊन आईच्या खाटेवर आला, तसा सरिताने सरकून गोधडी उघडली. तो तिच्या अंगावरून पलीकडे गेला, धपकन खाली उतरला आणि आजीच्या कुशीत शिरला.

"आजी, कोल्ह्याची राहिली होती."

"कोठवर आलो होतो आपण?"

"कोल्हा तलावावर आला. मगरीनं त्याचा पाय धरला. तठवर."

सरिता अंधारात उठून बसली. "लकेश, तू गोष्टीसाठी जाय काय तिकडे?"

"मंग? आजी तठी होती ना."

"आन् तठी मस्त लागते म्हणे तू?"

"आजीजवळ मस्तच लागते," तो म्हणाला. त्याचा पाय आजीच्या पोटावर होता आणि पाठ आईकडे.

सरिता परत आडवी झाली. आज तिने समोरच्या खिडकीकडे पाहिलंच नाही. खाली सासूच्या पांढऱ्या केसांत पोराची बोटं फिरत होती, ती तिला चंद्राच्या उजेडात दिसत होती आणि जीव जळत होता.

"पुढची गोष्ट मी सांगू काय?" तिने विचारून पाहिलं. "मले येते ते."

"तुले नाही येत," लकेश म्हणाला.

रत्नाबाई हळूच हसली आणि सांगायला लागली. मगरीने पाय घट्ट धरला होता, कोल्हा ओढून ओढून थकला होता, मग त्याने डोकं चालवलं... इथे रत्नाबाई थांबली. म्हातारीला डुलकी लागली असावी. लकेशचाही श्वास संथ झाला होता.

"मंग?" सरिताने वरून विचारलं. "आई, मंग काय झालं?"