नळबाबाचा घास

बायको जाऊन सात महिने झाले होते, आणि जायचं ते सगळं एकदाच गेलं अशी मिस्त्रींची समजूत होती. ती चुकीची होती हे एका बुधवारी सकाळी कळलं. त्या वेळी मिस्त्री बालवाडीच्या जेवणाच्या खोलीत, मुलांच्या बुटक्या सिंकखाली उताणे पडलेले होते.

सिंक दोन दिवसांपासून तुंबलं होतं. बालवाडीत पाण्याचं काही बिघडलं की निरोप मिस्त्रींनाच जायचा. त्यांच्या बायकोनं तिथं नऊ वर्षं स्वयंपाक केला होता, आता नात तिथं जात होती. घरचाच माणूस असताना परका प्लंबर कशाला, असा सरळ हिशेब.

मिस्त्रींनी बादली खाली सरकवली आणि पाइपचं वाकण सोडवलं. आधी काळं पाणी आलं. मग वास आला. मग एक लहान चमचा आला, आडवा अडकलेला, आणि त्याच्यामागून थप्पी लागावी तशी भाजी. गाजराच्या चकत्या, फरसबीचे तुकडे, कोबीच्या चिंध्या. काही जुनं, चिखल झालेलं. काही इतकं ताजं की रंगही उतरला नव्हता. अर्धी बादली भरली.

खोटं कशाला बोला, मिस्त्रींना आधी बरं वाटलं. नव्या स्वयंपाकीणबाई येऊन सात महिने झाले आणि पोरं त्यांची भाजी सिंकमध्ये ढकलतायत. बायकोच्या वेळी असं कधी झालं नव्हतं. तिच्या वेळी ताटं चाटूनपुसून परत यायची. रोज संध्याकाळी घरी आल्यावर चपला काढता काढता ती तेच सांगायची, "आज ताटं अशी आली, की धुवायची पण लाज वाटली." मुलं तिला भाजीआजी म्हणत. मिस्त्री चेष्टेनं म्हणायचे, "अगं, मला चाळीस वर्षांत दोडका खायला लावता आला नाही तुला, आणि तीन वर्षांची पोरं खातात?" ती म्हणायची, "पोरांना अक्कल असते."

आता बादलीकडे बघत मिस्त्री मनात म्हणाले, बघ, तुझ्या माघारी कुणाचं चालत नाही.

तेवढ्यात दोन छोटे मोजे सिंकसमोर येऊन थांबले. त्यांची नात, भिंगरी. साडेचार वर्षांची, एका जागी कधी न टिकणारी, म्हणून ते नाव.

"आजोबा, नळबाबाचं पोट दुखतंय?"

"कोण नळबाबा?"

"हा." तिनं सिंकच्या भोकाकडे बोट दाखवलं. "त्याला भाजी लागते. आम्ही घास देतो. ताई म्हणतात, नळबाबा आ कर, आणि आपण टाकायची. मग ताट चकचकीत. मग स्टार."

भिंतीवर खरोखरच तक्ता होता. प्रत्येक मुलाचं चित्र आणि त्यापुढे चांदण्यांची रांग. वर लिहिलं होतं, 'आम्ही भाजी संपवतो'.

"नव्या आजींची भाजी आवडत नाही वाटतं तुम्हाला," मिस्त्री म्हणाले.

"नळबाबाला आवडते." भिंगरीनं थोडा विचार केला. आजोबांना वाईट वाटू नये असं तिच्या मनात आलं असावं. "पण आपल्या आजीची जास्त आवडायची. तेव्हा तो खूप खायचा."

एवढं बोलून ती पळाली.

मिस्त्री सिंकखालीच पडून राहिले. डोक्यावर त्यांनीच बसवलेला पाइप होता. दोन वर्षांपूर्वी बालवाडीच्या ताई म्हणाल्या होत्या, "काका, या सिंकचा पाइप फार बारीक आहे हो, सारखं तुंबतं. जरा मोठा घालाल? आणि ही जाळी काढूनच टाका, पोरांचे हात अडकतात." मिस्त्रींनी रविवारी येऊन फुकटात दोन इंची पाइप घातला होता, जाळी काढली होती. बायको शेजारी उभी राहून टॉर्च धरत होती. तिनं चहा आणला होता. ज्या पाइपातून तिची भाजी जाणार होती त्याच्यावर तिनं उजेड धरला होता.

आणि त्याच महिन्यापासून ताटं रिकामी यायला लागली होती. हे मिस्त्रींना आत्ता आठवलं. त्याआधी बायको स्वतः बाहेर येऊन मुलांत बसायची. एकेकाशी बोलत, एकेक चमचा. कुणाला फरसबी मोडायला द्यायची, टचकन आवाज येतो म्हणून. कुणाला नुसता वास घ्यायला सांगायची, खाऊ नको म्हणायची. मग ताई म्हणाल्या, "काकू, तुम्ही दिसलात की पोरं लाडात येतात. तुम्ही आतच थांबा, मी बघते." जेवणाची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीला एक खिडकी होती. त्यानंतर बायकोला मुलांचं जेवण म्हणजे त्या खिडकीतून जाणारी भरलेली आणि येणारी रिकामी ताटं, एवढंच दिसायचं. ती घरी येऊन म्हणाली होती, "त्या पोरीच्या हाताला गुण आहे. मला सात-आठ वर्षांत जमलं नाही ते तिनं महिन्यात केलं." ताईंच्या बाळासाठी हिरवा स्वेटर विणला होता.

मुलं झोपेपर्यंत मिस्त्री थांबले. पाइप बसवला, बादली झाकली. ताई शेवटच्या पोराला थोपटून आल्या तेव्हा मिस्त्री लहान मुलांच्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसले होते.

"झालं, काका? काय होतं?"

मिस्त्रींनी झाकण काढलं.

ताईंनी बघितलं. मग दाराकडे बघितलं, बालवाडीच्या प्रमुख, मोठ्या बाई, ऑफिसात आहेत की काय म्हणून.

"नव्या बाईंना मीठ जमत नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"भिंगरी म्हणाली, आजीची पण जायची."

"काका, लहान आहे ती. काहीही बोलते."

"ती काहीही बोलते, पण तू नको बोलूस. तू माझ्या घरी येऊन जेवलीस, पोरी."

ताई खाली बसल्या, दुसऱ्या छोट्या खुर्चीवर. मोठी माणसं त्या खुर्च्यांवर बसली की हास्यास्पद दिसतात, पण दोघांनाही हसू आलं नाही.

"अठरा पोरं आहेत," ताई म्हणाल्या. "चाळीस मिनिटं. त्यात हात धुवायचे, भरवायचं, सांडलेलं पुसायचं, शी-शू, आणि झोपवायचं. काकू एकेकापाशी पाच-पाच मिनिटं बसायच्या. छान वाटायचं बघायला. पण साडेबाराला निम्मी पोरं जागी असायची आणि मोठ्या बाई माझ्यावर डाफरायच्या. मग तो तक्ता आला वरून. ताटं रिकामी पाहिजेत म्हणाले. रिकामी कशी करायची ते कुणी सांगितलं नाही."

"म्हणून नळाला दिलीस."

"एका दिवसापुरतं केलं होतं, काका. त्या दिवशी काकू इतक्या खूश झाल्या की... दुसऱ्या दिवशी भरलेली ताटं आत कशी पाठवू?"

"दोन वर्षं?"

"त्यांचं तोंड उतरलेलं बघवायचं नाही मला."

"आणि ती गेली त्या दिवशी माझा हात धरून काय म्हणालीस? पोरं तिच्या भाजीसाठी भांडायची म्हणालीस. मी ते धरून बसलोय सात महिने."

ताईंनी बादलीवर झाकण ठेवलं. त्यांचे डोळे भरून आले होते. पूर्वी मिस्त्रींनी असं बघितलं असतं तर पाणी आणून दिलं असतं.

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलले," त्या अखेर म्हणाल्या. "मोठ्या बाईंना सांगू नका, काका. नोकरी जाईल माझी."

"केसानं गळा कापलास," मिस्त्री म्हणाले. "आणि त्यासाठी पाइप माझ्याच हातानं बसवून घेतलास."

ते उठले, बादली उचलली आणि मागच्या कचऱ्याच्या पिंपात रिकामी केली. मोठ्या बाईंच्या ऑफिसवरून गेले. दार उघडं होतं. "झालं का मिस्त्री?" बाईंनी विचारलं. "झालं," मिस्त्री म्हणाले. आयुष्यभर तोंडानं फटकळ असलेला माणूस मूग गिळून गप्प बसला, आणि का बसला हे त्यांनाही धड कळलं नाही.

घरी दुसरंच दुखणं वाट बघत होतं. स्वयंपाकघरात दाराच्या मागे गेल्या वर्षीचं कॅलेंडर अजून टांगलेलं होतं. बायको रोजच्या चौकटीत बालवाडीतली भाजी लिहायची, कशी चिरली ते लिहायची आणि ताटं रिकामी आली की बरोबरची खूण करायची. 'गाजर, लांब काड्या ✓' 'कोबी बारीक, लिंबू ✓' मिस्त्रींची मुलगी, भिंगरीची आई, दवाखान्यात पाळीवर कामाला असायची, दुपार-संध्याकाळ भिंगरी आजोबांकडे. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, हिचं पोट साफ होत नाही, हिला भाज्या खायला लावा. आणि बायकोनं शेवटच्या आठवड्यात, बोलायला दम लागत असताना, एवढंच मागितलं होतं, की पोरीच्या ताटाकडे लक्ष ठेवा.

मिस्त्रींनी लक्ष ठेवलं होतं. साठी उलटल्यावर सुरी हातात धरली होती. कॅलेंडरात बघून लांब काड्या चिरल्या, बारीक कोबी चिरला, लिंबू पिळलं. भिंगरी तोंड घट्ट मिटायची नाहीतर घास गालात धरून अर्धा तास हिंडायची. मिस्त्री म्हणायचे, माझ्याच हाताला चव नाही. बायकोच्या हातचं अठरा पोरं खात होती, घरची एक माझ्याकडून खात नाही. सात महिने ते स्वतःला बोल लावत होते.

आता ते कॅलेंडरसमोर उभे राहिले. सगळ्या खुणा नळाच्या होत्या. नळाला काय आवडतं याची यादी त्यांच्या बायकोनं मन लावून केली होती, आणि ते तिच्यावरून स्वयंपाक शिकले होते.

कॅलेंडर खिळ्यावरून काढायला हात वर केला तेव्हा एक चौकट दिसली. खूण नव्हती. बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'बाई रजेवर.' त्यांनी चष्मा लावला. मग जानेवारीपासून एकेक पान उलटून पुन्हा बघितलं. अशा नऊ चौकटी निघाल्या. बाई म्हणजे ताई; त्यांचं बाळ आजारी असेल, नाहीतर लसीला नेलं असेल. त्या दिवशी बायको खिडकीबाहेर येऊन मुलांत बसलेली होती, आणि ताटं भरलेली परत गेली होती.

'बाई रजेवर. फरसबी. दोघांनी चाटली, खाल्ली नाही.'

'बाई रजेवर. भोपळा. एकानं एक तुकडा. मीठ जास्त झालं का?'

'बाई रजेवर. वाटाणे सोलायला दिले. तिघींनी चार-चार दाणे कच्चेच खाल्ले. शिजवलेले कुणी नाही.'

नऊ दिवसांत मोजून पंधरा-सोळा घास. त्या कॅलेंडरातली खरी कमाई एवढीच, आणि बायकोनं ती नापास म्हणून लिहिली होती. एका चौकटीत मजकूर मावला नव्हता, म्हणून समासात उतरला होता. 'सगळी ताटं भरलेली आली. माझंच काहीतरी चुकतं. त्या कसं करतात ते उद्या बाईंना विचारायचं.'

ती ओळ त्यांनी दोनदा वाचली. मग स्टुलावर बसले. बसल्या जागी त्यांना बायकोचाही राग आला. इतकी कशी भोळी? एकदा तरी दार लोटून बघायचंस. राग फार टिकला नाही, कारण टॉर्चच्या उजेडात पाइप बसवताना त्यांनी तरी कुठं विचारलं होतं, की पोरं हात धुतात त्या सिंकला दोन इंची पाइप कशाला?

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी वाटाण्याच्या शेंगा आणल्या. टेबलावर ओतल्या. भिंगरी नाक मुरडतच आली.

"मी नाही खाणार."

"तुला कोण खायला सांगतंय? मला सोलून दे. माझी बोटं जाड आहेत."

तिनं एक शेंग घेतली, उलटीसुलटी केली. "कुठून उघडते?"

"शोध की. पाइपला जसा जोड असतो तसा असतो."

तिला जोड सापडला. शेंग उघडली आणि दाणे घरंगळले, त्यातला एक टेबलावरून खाली गेला, तो आणायला ती टेबलाखाली गेली. मग दुसरी शेंग. मग ती दाण्यांना रांगेत झोपवायला लागली. मिस्त्री तिच्या उंचीला यावं म्हणून खाली सतरंजीवर बसले. बायको असंच बसायची. त्यांचे गुडघे कुरकुरले.

"आजोबा, तुम्ही आ करा."

त्यांनी आ केला. तिनं एक दाणा टाकला. त्यांनी चावून खाल्ला. ती बारकाईनं बघत होती, गिळला की नाही.

"कडू आहे?"

"नाही. गोड आहे थोडा."

तिनं एक दाणा उचलला, वास घेतला, जिभेचं टोक लावलं आणि परत रांगेत ठेवून दिला. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर मिस्त्रींनी पेन्सिलीनं लिहिलं, 'वाटाणा. चाटला. खाल्ला नाही.'

त्याला आता तीन आठवडे झाले. ताई बालवाडीत आहेत, तक्ता भिंतीवर आहे, मोठ्या बाईंना मिस्त्रींनी काही सांगितलेलं नाही. भिंगरीनं अजून भाजीचा एकही घास गिळलेला नाही. आणि बायकोनं दुसऱ्या दिवशी ताईंना विचारलं होतं का, विचारलं असेल तर ताईंनी तिच्या तोंडाकडे बघत काय सांगितलं, हे मिस्त्रींनी ताईंना अजून विचारलेलं नाही.